गंज काढायला इलेक्ट्रोलिसिस: पहिल्यांदा करताना

आजोबांच्या कोयत्याचा गंज इलेक्ट्रोलिसिसने काढायचा, म्हणजे कोयता आणि एक लोखंडी तुकडा सोड्याच्या पाण्यात बुडवून त्यातून बॅटरी चार्जरची वीज सोडायची. पण थेट कोयत्याला हात घालायच्या आधी एखादा गंजका बोल्ट घे, त्यावर शिक.

सगळ्यात जास्त चूक होते ती वायर लावताना. गंजकी वस्तू चार्जरच्या निगेटिव्हला, आणि पॉझिटिव्हला साधा लोखंडी तुकडा, सळई वगैरे. उलटं लावलंस तर कोयताच विरघळायला लागेल, म्हणून स्विच मारण्याआधी दोनदा बघ, मी आजही बघतो. दोन्ही एकमेकांना टेकता कामा नयेत.

बाकी हे पाळच:

- प्लास्टिकची बादली, पाण्यात धुण्याचा सोडा, लिटरला साधारण एक मोठा चमचा. मीठ अजिबात नको, क्लोरीन वायू निघतो.
- पॉझिटिव्हला स्टीलचा चमचा लावू नकोस, स्टेनलेसमधलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते विषारी आहे.
- हायड्रोजन निघतो, म्हणून गच्चीवर किंवा अंगणात कर, जवळ बिडी-काडी नको, पाण्यात हात घालायच्या आधी चार्जर बंद.

१२ व्होल्टचा साधा बॅटरी चार्जर पुरतो. कोयत्यावरून बारीक बुडबुडे यायला लागले की समज जमलं, मग वर तपकिरी फेस येतो त्याला घाबरू नकोस. काही तासांनी काढलास की काळा थर दिसेल, तो ब्रशने सहज निघतो. पण धुतल्यावर लगेच पुसून, वाळवून तेल लाव, नाहीतर डोळ्यांदेखत परत तांबूस होतो आणि तिथंच बरेच जण हिरमुसतात.

करंट किती, वेळ किती हे नंतर बघू, आधी बोल्टचा फोटो टाक.