काळा पडदा आणि टोनी

प्रश्न : ‘द सोप्रानोज’ या अमेरिकन माफिया मालिकेच्या शेवटच्या भागात पडदा अचानक काळा होतो. मालिकेचा नायक, माफियाप्रमुख टोनी मेला, की उत्तर खरोखरच मोकळं सोडलंय?

उत्तर : १० जून २००७ रोजी हा भाग लागला, तेव्हा अनेकांना केबलच गेली असं वाटलं. पण संकलन नीट पाहा. टोनी रेस्टॉरंटमध्ये बसलाय. दाराची घंटा वाजते, टोनी मान वर करतो, मग तो जे पाहतो ते आपल्याला दिसतं. हा क्रम पुन्हा पुन्हा येतो. अखेरीस घंटा वाजते, टोनी वर पाहतो आणि त्याच्या नजरेच्या जागी सुमारे दहा सेकंद निव्वळ काळोख! त्याची मुलगी मेडो आत आलेली दिसतच नाही.

याला जोडून टोनीच्या बहिणीचा नवरा बॉबी याचं आधीच्या एका भागातलं होडीतलं बोलणं आठवा: ते (म्हणजे मरण) घडतं तेव्हा बहुधा ऐकूही येत नाही. शेवटून दुसऱ्या भागात ते मुद्दाम पुन्हा दाखवलंय. म्हणून मृत्यूची बाजू मला जड वाटते.

रेस्टॉरंटच्या स्वच्छतागृहात गेलेल्या जॅकेटवाल्या माणसावर मात्र फार विसंबू नका. त्याच्या हाती पिस्तूल कुठेच दिसत नाही. पुन्हा पाहताना आवाज वाढवा आणि फक्त घंटेकडे लक्ष ठेवा.