डॉक्टर-सिस्टर स्वतः लस घेत नाहीत, हे खरं आहे का?

तुम्ही विचारलंय, मुलगी यंदा एमबीबीएसला लागली, कॉलेजने हिपॅटायटिस बीची (रक्तातून पसरणाऱ्या काविळीची) लस घ्यायला सांगितली आहे, पण तिचे सीनियर म्हणतात, "काही गरज नाही, कोणी घेत नाही." मग दवाखान्यातले लोकच लस टाळतात का?

आधी महत्त्वाचं सांगते. तिला लस घ्यायलाच लावा, आणि वॉर्डात पाऊल टाकण्याआधी सुरुवात करा. मी एकोणीस वर्षं सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. आता संसर्ग नियंत्रणाचं काम बघते. कुणाला सुई टोचली की त्याचा फॉर्म माझ्याकडे येतो.

लसीवर विश्वास नाही म्हणून हिपॅटायटिस बीची लस नाकारणारा डॉक्टर मला अजून भेटलेला नाही. भेटतात ते दोन डोस घेऊन तिसरा राहिलेले. डोस असतात आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. पहिले दोन उत्साहात होतात. सहाव्या महिन्यात परीक्षा नाहीतर पोस्टिंग, आणि आठवण करून द्यायला कुणी नसतं. इंटर्नशिप लागली की विचारावं तर प्रत्येकजण म्हणतो, "घेतली आहे सिस्टर." कितव्यांदा घेतली ते सांगता येत नाही.

दुसरं कारण म्हणजे भीती चुकीच्या जागी आहे. सुई टोचली की पहिला प्रश्न एचआयव्हीचा असतो. बाधित रुग्णाची सुई टोचल्यावर एचआयव्ही होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के. हा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागात सात दिवससुद्धा टिकतो. हे सगळं त्यांच्या पुस्तकात आहे आणि पोरं परीक्षेत बरोबर लिहितातही. स्वतःच्या हाताशी त्याचा संबंध मात्र फार उशिरा जुळतो.

एक इंटर्न आठवतो. रात्री कॅज्युअल्टीत गर्दी होती, त्याने वापरलेल्या सुईला परत टोपण लावायला घेतलं आणि अंगठ्यात शिरली. तोही एचआयव्हीचंच विचारत होता. रुग्णाचा हिपॅटायटिस बीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. याचे डोस दोनच झालेले. इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन शक्यतो चोवीस तासांच्या आत द्यायचं असतं, ते महाग असतं आणि आमच्याकडे त्या रात्री शिल्लक नव्हतं. बाहेरून आणेपर्यंत पहाट झाली. पुढे सहा महिने तपासण्या. सगळ्या निगेटिव्ह आल्या, पण तेवढे महिने तो घरी आईलाही काही बोलला नव्हता.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती मामा-मावशींची, म्हणजे वॉर्डातल्या सफाई कामगारांची. कचऱ्याची पिशवी उचलताना आतली सुई पायाला लागते, आणि बहुतेक जण ठेकेदाराच्या हजेरीवर असल्यामुळे त्यांची लस कुणाच्याच यादीत नसते. केंद्राचा व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ साली सुरू झाला, त्यात आरोग्य कर्मचाऱ्यांना ही लस देण्याची तरतूद आहे. मावशींपर्यंत ती आपोआप जात नाही. हाताला धरून न्यावं लागतं, आणि नेलं की त्या येतात.

खरा संकोच मी पाहिला तो कोविडच्या लसीच्या वेळी. १६ जानेवारी २०२१ ला सुरुवात झाली, पहिला मान आमचा, आणि यादीतले कितीतरी जण आलेच नाहीत. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचा निकाल तेव्हा आलेला नव्हता आणि वेगळ्या संमतिपत्रावर सही घेत होते. रेसिडेंट डॉक्टर विचारत होते, आकडे कुठे आहेत? त्यांना घाबरट म्हणणारे पुष्कळ होते. मला तो प्रश्न रास्त वाटला, आजही वाटतो. ३ मार्चला लस ८१ टक्के परिणामकारक असल्याचा अंतरिम निकाल जाहीर झाला. शिवाय गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना सुरुवातीला लस द्यायचीच नव्हती. आमच्यातल्या किती सिस्टर त्याच वयाच्या! त्यांनाही बाहेरून "घाबरल्या" म्हटलं गेलं. गरोदर बायकांना परवानगी मिळाली २ जुलैला.

आमच्याकडे पारडं फिरलं ते मेट्रन मॅडममुळे. निवृत्तीला आलेल्या, शुगर असलेल्या बाई पहिल्या जाऊन बसल्या. अर्धा तास निरीक्षण खोलीत थांबल्या आणि मग राउंडला आल्या. दुपारी सात-आठ जणी त्यांच्यामागे गेल्या, त्यात मीही होते. पुढे वॉर्डात प्रत्येक नातेवाईक एकच विचारायचा, "सिस्टर, तुम्ही घेतली का?" हो म्हणता आलं, तेव्हाच पुढचं बोलणं ऐकून घेतलं गेलं.

आता मुलीचं. तिचं लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड शोधा. ही लस सरकारी लसीकरणात देशभर पोहोचायला २०११ उजाडलं, त्यामुळे तिच्या वयाच्या पुष्कळ मुलांना ती मिळालेली नाही. खाजगी बालरोगतज्ज्ञांकडे दिली असेल तर कार्डावर नोंद असेल. तीन डोस झालेले असतील तर टायटर, म्हणजे लसीने अंगात संरक्षण तयार झालं का ते दाखवणारी अँटी-एचबीएसची रक्ततपासणी करा. झाले नसतील तर लगेच सुरू करा आणि तिसऱ्या डोसची तारीख तुमच्या स्वतःच्या मोबाईलमध्ये टाका, तिच्या नको, ती परीक्षेत असेल. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी टायटर. १० किंवा वर हवं. कमी आलं तर पुन्हा डोस लागतात, ते तिथल्या डॉक्टरांना विचारा. रिपोर्टची एक प्रत घरी ठेवा.