उताऱ्याचा उजवा रकाना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. चाळीसगावच्या जागेच्या व्यवहारात गिऱ्हाईक तू आणलेस, साईट तू दाखवलीस, आणि खरेदीखताच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तुझ्या जागी दुसराच एजंट बसलेला तुला दिसला, हे वाचून वाईट वाटले. त्यावर तू जो उपाय योजला आहेस, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील विश्वासू एजंटांनी एकत्र येऊन मिळकती आणि गिऱ्हाइके एकमेकांना कळवावीत, तो मला मनापासून पटतो. आपल्या भागाला त्याची गरज आहे. भुसावळला रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस जळगावात घर पाहतो, शहाद्याचा बागायतदार केळीचा पैसा धुळ्यातल्या दुकानात घालू पाहतो, सुरतेत स्थिरावलेल्या खान्देशी कुटुंबाला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी आल्यावर प्लॉट पाहायचा असतो. हे सगळे एका माणसाच्या आवाक्यातले नाही. मात्र माणसे चांगली निवडली की बाकी सारे आपोआप जुळेल असे तू लिहितोस, तिथे मी तुला थांबवतो. मी पाहिलेल्या अशा गटांत लबाड माणसे थोडी होती. बहुतेक गट मोडले ते चांगल्या माणसांनी वेळेवर न बोललेल्या गोष्टींमुळे.

त्यातली एक गोष्ट माझ्या हातून घडलेली आहे. मी या धंद्यात नवा असताना भुसावळच्या एका समव्यावसायिकाने मला फोनवरून एका प्लॉटची माहिती दिली. मी गिऱ्हाईक घेऊन गेलो, मालकाच्या ओट्यावर बसून बोलणी झाली आणि भाव न जुळल्याने ती तिथेच मोडली. सात महिन्यांनी मालकाने स्वतः मला फोन केला आणि त्याच गिऱ्हाइकाशी सौदा ठरला. इसारपावती लिहिताना मला त्या माणसाची आठवण झाली होती, हे मी आज तुझ्यापासून लपवत नाही. पहिली बोलणी मोडली तेव्हाच त्याचा संबंध संपला, अशी मी माझ्या मनाची समजूत घातली आणि त्याला वाटा दिला नाही. तो भांडायला आला नाही. फक्त त्यानंतर त्याचा फोन कधी आला नाही. त्याचा हक्क किती दिवस चालू राहणार हे आमच्यात कधीच ठरले नव्हते, आणि न ठरलेल्या गोष्टीचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला.

म्हणून तुझ्या गटाचा पहिला नियम असा असू दे की मिळकतीचा पत्ता सांगण्याआधी एक लहानशी चिठ्ठी व्हावी. मिळकत कोणाकडून आली, गिऱ्हाईक कोणाचे, दलालीत कोणाचा किती वाटा आणि हा करार किती महिन्यांपर्यंत लागू, एवढे तीत असले तरी पुरे. व्हॉट्सॲपवर लिहिलेस तरी चालेल, पण समोरच्याचे "कबूल" असे उत्तर आल्याखेरीज जमिनीचा गट नंबर आणि मालकाचे नाव देऊ नकोस. लिहून मागितले तर समोरच्याला राग येईल, अशी तुला भीती वाटेल. अमळनेरच्या बाजार समितीत शेतकरी धान्य घेऊन येतो, तेव्हा आडत्याशी त्याची दोन पिढ्यांची ओळख असली तरी वजन, भाव आणि कपात लिहिलेली हिशेबपट्टी त्याच्या हातात पडतेच, आणि त्यात कोणालाही अपमान वाटत नाही. आपल्या धंद्यात ती सवय का रुजली नाही, याचे मला आजही नवल वाटते.

एकच गिऱ्हाईक दोघांनी आणले तर काय करायचे, हेही वाद होण्याआधी ठरवावे लागेल. माझे मत असे की नुसते नाव कळवणाऱ्यापेक्षा प्रत्यक्ष साईटवर नेणाऱ्याचा हक्क आधी मानावा आणि त्या भेटीची तारीख गटात नोंदवावी. डझनभर नावे पुढे ढकलून बसून राहणारी माणसे प्रत्येक गटात असतात, आणि उन्हातान्हात गिऱ्हाइकाबरोबर फिरणाऱ्याचा हिस्सा त्यांच्याकडे गेला तर फिरणारा माणूस लवकरच गट सोडतो.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते लिहितो. मागे नंदुरबार जिल्ह्यातल्या तळोद्याकडच्या एका जमिनीचा सातबारा फोटोच्या रूपाने माझ्याकडे आला. तो चार जणांच्या फोनवरून फिरून आला होता. डाव्या बाजूला खातेदाराचे नाव आणि क्षेत्र स्वच्छ वाचता येत होते, पण उजवीकडचा "इतर अधिकार" हा रकाना फोटोच्या कडेला कापला गेला होता. त्यातली दोन-तीन अक्षरेच काय ती दिसत होती. गिऱ्हाईक त्याच संध्याकाळी टोकन द्यायला तयार होते. मी 15 रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा पूर्ण उतारा काढला, तेव्हा त्या रकान्यात आदिवासी खातेदाराच्या जमिनीवरील निर्बंधाची नोंद निघाली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधील कलम 36 आणि 36-अ यांप्रमाणे आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीखेरीज बिगर-आदिवासीकडे हस्तांतरित होऊ शकत नाही, आणि आमचे गिऱ्हाईक आदिवासी नव्हते. तळोद्याच्या एजंटाला मी विचारले, तेव्हा त्याने ही गोष्ट पहिल्याच दिवशी पुढच्या माणसाला सांगितली होती असे कळले. पुढच्याने ती त्याच्या पुढच्याला अर्धवट सांगितली, तिसऱ्याने सांगितलीच नाही, आणि चौथ्याने मला "क्लिअर टायटल" असे दोन शब्द पाठवले. मुद्दाम खोटे बोलला असा एकही माणूस मला त्या साखळीत सापडला नाही. आपल्या आधीच्या माणसाने कागद पाहिलेच असतील, असे प्रत्येक जण गृहीत धरून चालला होता.

तो कायदा आदिवासी शेतकऱ्याच्या हातातून जमीन निसटू नये म्हणून आहे. तेव्हा त्याला वळसा कसा घालावा, ही चर्चा तुझ्या गटात कोणी सुरू केली तर तिथल्या तिथे बंद कर. भोगवटादार वर्ग 2 च्या, म्हणजे सरकारी परवानगीखेरीज विकता न येणाऱ्या जमिनी, कुळाच्या नोंदी, बँकेचा बोजा, तुकडेबंदीचे शेरे हेही त्याच उताऱ्यावर असतात आणि फोटोत तेच कापले जातात. पूर्ण सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि संबंधित फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) जोडल्याशिवाय मिळकत गटात टाकायचीच नाही, असा दंडक घाल. ज्या गोष्टीची खात्री झालेली नाही ती "तपासायची आहे" असे लिहून पुढे पाठवावी, कारण वगळलेली शंका पुढच्या माणसाकडे खात्री बनून पोहोचते.

भावाचेही तसेच होते. मालकाने 18 लाख सांगितलेले असतात, वाटेतला प्रत्येक जण आपले 50 हजार वर चढवतो, आणि चौथ्या हातात तो प्लॉट 20 लाखांचा होतो. गिऱ्हाईक एक दिवस मालकालाच गाठते, खरा आकडा ऐकते आणि मग सगळ्या साखळीलाच बाजूला सारून थेट व्यवहार करते. त्यात मी गिऱ्हाइकाला दोष देत नाही. मालकाचा आकडा जसाच्या तसा शेवटपर्यंत जावा आणि दलाली वेगळी सांगावी. मधल्या माणसांची संख्या शक्यतो दोनच्या वर जाऊ देऊ नकोस.

रेराविषयी, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्याविषयी, तू थोडक्यात विचारले आहेस. 2016 चा हा कायदा 1 मे 2017 पासून पूर्णपणे लागू झाला. 500 चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत सदनिकांचा लहान प्रकल्प सोडला, तर प्रकल्पाची नोंदणी लागते, आणि नोंदणी लागणाऱ्या प्रकल्पातील विक्रीत मध्यस्थी करणाऱ्या एजंटालाही स्वतःची नोंदणी लागते. ती नसेल तर दिवसाला 10,000 रुपये, आणि सगळा मिळून मिळकतीच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. गटातल्या एकाने नोंदणी क्रमांक नसलेल्या ले-आउटची जाहिरात टाकली आणि बाकीच्यांनी ती पुढे पाठवली, तर अडचणीत सगळेच येऊ शकतात. जुन्या घराची फेरविक्री आणि शेतजमीन यांच्या बाबतीत मात्र रेरा तुझ्या मदतीला येणार नाही. तिथे एजंटांमधला वाटा हा 1872 च्या करार कायद्याखालचा साधा करार ठरतो. तोंडी करारही कायद्याला चालतो, पण तो सिद्ध करता करता तुझी उमेद संपेल.

गटातील सर्वांनी सारखीच दलाली घ्यावी असा ठराव करण्याचा तुझा विचार आहे, तो सोडून दे. अमेरिकेत एजंटांची राष्ट्रीय संघटना 1908 पासून आहे आणि तिथे मिळकतींच्या सामाईक यादीची पद्धत फार जुनी आहे. त्या यादीतच खरेदीदाराच्या एजंटाला मिळणारा वाटा जाहीर करण्याची जी रीत होती, तीमुळे दलालीचे दर चढे राहिले असा आरोप झाला, ऑक्टोबर 2023 मध्ये मिसुरी राज्यातील ज्यूरीने संघटनेविरुद्ध कौल दिला, आणि 17 ऑगस्ट 2024 पासून तो वाटा यादीत दाखवणे बंद झाले. आपल्याकडेही 2002 चा स्पर्धा कायदा संगनमताने दर ठरवण्यास मनाई करतो. आपसातला वाटा कसा वाटायचा ते ठरवा. गिऱ्हाइकाकडून किती घ्यायचे, ते ज्याचे त्याने ठरवावे.

पैशाविषयी एकच सांगतो. सगळी दलाली तुझ्या खात्यात आली आणि इतरांचे वाटे तू रोखीने दिलेस, तर साऱ्याची उलाढाल तुझ्याच नावावर दिसेल आणि जीएसटी नोंदणीची वर्षाला 20 लाखांची मर्यादा तू नकळत ओलांडशील. ज्याचा वाटा त्याला पक्षकाराकडून, म्हणजे मालकाकडून किंवा गिऱ्हाइकाकडून, थेट बँकेतून मिळावा, असे चिठ्ठीतच लिहून ठेव.

सुरुवातीला सहा-सात जणच घे, आणि त्यांत नंदुरबारकडचे निदान दोन असू देत, कारण तिकडच्या कागदांची त्यांना जितकी जाण आहे तितकी आपल्याला नाही. चिठ्ठीचा मसुदा करून आखाजीच्या आधी जळगावला ये. आपण दोघे बसून तो नीट पाहू. येताना चाळीसगावच्या व्यवहारातले सगळे मेसेज आण. साईट दाखवल्याची तारीख त्यांत कुठे सापडली, तर त्या एजंटाकडे मी स्वतः तुझ्याबरोबर येईन.

तुझा,
आप्पा