मोटोजीपीचा सर्वात मोठा विश्वविजेता कोण? आगोस्टिनी, रोसी की मार्केझ?

तुम्ही विचारलंय की मोटोजीपी या मोटारसायकल शर्यतींच्या विश्वस्पर्धेच्या सर्वोच्च गटात आगोस्टिनीची ८ विजेतेपदं, रोसीची ७ आणि आता मार्केझचीही ७, तर आकडा बघून आगोस्टिनीला पहिला म्हणायचं आणि विषय मिटवायचा, की अजून काही बघायचं असतं?

आधी माझी बाजू सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी बोल लावायला नको. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं इंजिनकामाचं छोटं वर्कशॉप आहे. रिबोअर, क्रँक, हेड असली कामं. टूलबॉक्सच्या झाकणावर गेली वीस वर्षं ४६ नंबरचा पिवळा स्टिकर आहे. म्हणजे मी रोसीचा माणूस. पुढचं वाचताना हे ध्यानात ठेवा, कारण माझं उत्तर रोसी नाही.

युरोपातली शर्यत उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला लागते. एका रविवारी आमच्या शेजारच्या चहाच्या गाड्यावर पोरं मोबाईलवर शर्यत बघत हेच भांडण घालत होती. एकाचे आठ, दुसऱ्याचे सात, तिसऱ्याचे सगळे गट धरून नऊ. तिथं एक जुने वस्ताद रोज चहाला येतात. त्यांना मोटारसायकलीतलं काही कळत नाही. पण त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते आकडं ऱ्हाऊ द्या रं. पाडलं कुणाला, ते सांगा."

आमच्या खासबागेत, कुस्तीच्या मैदानात, हीच पद्धत. गावोगावच्या जत्रेत शंभर नारळ जिंकलेला पैलवान मोठा नसतो. जोड कुणाशी होती, त्यावर त्याची किंमत ठरते. तेव्हापासून मीही विजेत्यांकडं असंच बघतो. त्यात एक चाळण माझ्या धंद्यातली घातली, ती पुढं सांगतो.

आधी आगोस्टिनी. ही स्पर्धा १९४९ साली सुरू झाली. पहिला विजेता एजेएसवरचा लेस्ली ग्रॅहम. २००१ पर्यंत सर्वोच्च गट म्हणजे ५०० सीसी, आणि २००२ पासून त्याला मोटोजीपी म्हणतात. जाकोमो आगोस्टिनीनं १९६६ ते १९७२ अशी सलग सात वर्षं एमव्ही अगुस्तावर ५०० चं विजेतेपद घेतलं, आठवं १९७५ ला यामाहावर. शिवाय ३५० सीसीची सात. एकूण पंधरा विजेतेपदं, १२२ शर्यती जिंकलेल्या. आकडे बघून छाती दडपते.

पण १९६७ च्या शेवटी होंडानं स्पर्धेतून अंग काढून घेतलं आणि आखाड्यात जोडच उरली नाही. १९६८ ला ५०० च्या दहा शर्यती झाल्या, दहाही यानंच जिंकल्या. समोर होत्या जुन्या एकसिलिंडर ब्रिटिश गाड्या आणि याच्याकडं कारखान्याची तीन सिलिंडरची एमव्ही. पैलवानाचा दोष नाही, पण ही कुस्ती नव्हे, नुसती सलामी झाली.

म्हणून आगोस्टिनीची खरी किंमत करायची तर १९६८ सोडा आणि १९६७ बघा. समोर होंडावर माइक हेलवूड, जो स्वतः एमव्हीवर १९६२ ते १९६५ चार वर्षं विजेता होता. हंगाम संपला तेव्हा दोघांचे गुण सारखे, ४६. जिंकलेल्या शर्यतीही सारख्या, पाच-पाच. शेवटी दुसरे क्रमांक मोजले, तेव्हा आगोस्टिनीचा एक जास्त भरला. माझ्या हिशेबी हे एक विजेतेपद नंतरच्या पाचांना भारी आहे. आणि १९७५ चं दुसरं भारी. ज्या एमव्हीनं सगळं दिलं ती सोडून तो यामाहाच्या टू-स्ट्रोकवर गेला आणि एमव्हीवरच्या फिल रीडला हरवून दाखवलं. सर्वोच्च गटात टू-स्ट्रोकनं घेतलेलं ते पहिलं विजेतेपद.

इथंच माझी चाळण येते. गाडी बदलून जिंकला का?

मेकॅनिक म्हणून हा प्रश्न मला आधी पडतो, कारण गिऱ्हाईक नेहमी म्हणतं "गाडी भारी पळते" आणि आम्हाला माहीत असतं की पळवणारा वेगळा बसला की तीच गाडी रडते. उलटही होतं, साधा चालवणारा चांगल्या इंजिनावर हिरो दिसतो. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांवर सर्वोच्च गटाचं विजेतेपद घेतलेले इतक्या वर्षांत सहाच जण आहेत. जेफ ड्यूक (नॉर्टन आणि गिलेरा), आगोस्टिनी, एडी लॉसन (यामाहा आणि होंडा), रोसी (होंडा आणि यामाहा), केसी स्टोनर (डुकाटी आणि होंडा) आणि मार्क मार्केझ (होंडा आणि डुकाटी). बस.

या चाळणीतून होंडावरचा पाच वेळचा विजेता मिक डूहान गळतो, आणि त्याचं मला वाईट वाटतं, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर. कोल्हापुरात आरएक्स १०० अजून देवासारखी जपतात. ती चालवली असेल तर तुम्हाला माहीत आहे, एका आरपीएमपर्यंत काही नाही आणि मग एकदम पिकअप लागतो. आता तेच ५०० सीसी, चार सिलिंडर, वजन १३० किलोच्या आसपास असं धरा. वळणात गाडी झोपलेली असताना तो पिकअप लागला की मागचं टायर सुटतं, आणि सुटलेलं टायर परत पकडलं की गाडी चालवणाऱ्याला वर भिरकावते. त्या काळातली निम्मी हाडं अशी मोडली. यावर होंडानं १९९२ ला तोड काढली. चारही सिलिंडरचे स्फोट एकमेकांच्या जवळ आणले. एकदम चार दणके आणि मग मोकळी जागा, त्या मोकळ्या जागेत टायरला पकड परत मिळते. याला बिग बँग इंजिन म्हणतात.

त्याच १९९२ ला डूहान गुणांत सगळ्यांच्या पुढं असताना आसेनला पडला, पाय मोडला, आणि उपचारात गोष्ट इतकी बिघडली की पाय कापायची वेळ आली. डॉक्टर क्लाउडिओ कोस्टा यांनी त्याचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून ठेवले, चांगल्या पायाचं रक्त वाईट पायाला मिळावं म्हणून. पाय वाचला. तो हंगामाच्या शेवटी परत आला आणि विजेतेपद वेन रेनीकडं फक्त चार गुणांनी गेलं. उजव्या पायानं ब्रेक दाबता येईना, म्हणून डाव्या अंगठ्यानं दाबायचा मागचा ब्रेक बसवून घेतला. मग १९९४ ते १९९८ सलग पाच. त्यातही १९९७ ला त्यानं मुद्दाम जुन्या पद्धतीचं, सुटे दणके देणारं, जास्त अवघड इंजिन मागून घेतलं आणि १५ पैकी १२ शर्यती जिंकला. कंपनी एकच, त्यामुळं माझ्या चाळणीत बसत नाही. चाळणीचाच दोष म्हणा हवं तर.

आता आमचा रोसी. २००३ ला होंडावर विजेता असताना तो यामाहावर गेला. यामाहानं १९९२ च्या रेनीनंतर सर्वोच्च गट जिंकला नव्हता. लोक म्हणाले, वेड लागलंय. २००४ ची पहिली शर्यत दक्षिण आफ्रिकेत वेल्कमला झाली. होंडावरच्या मॅक्स बियाजीला त्यानं अगदी थोडक्यात मागं ठेवलं, मग ट्रॅकच्या कडेला गाडी लावली आणि तिचा मुका घेतला. वर्षअखेर विजेतेपद. असा सलग दोन वर्षांत दोन कंपन्यांवर जिंकणारा त्याच्याआधी एकटा लॉसन होता, १९८८ ला यामाहा, १९८९ ला होंडा. (लॉसनचं नाव आज कुणी घेत नाही. तो बोलायचा कमी, पडायचाही कमी. अशांचे स्टिकर खपत नाहीत.)

रोसीच्या त्या वर्षाबद्दल एक गोष्ट मात्र आमच्या धंद्यातल्या माणसानंच सांगायला हवी. तो एकटा गेला नव्हता. जेरेमी बर्जेस हा त्याचा मुख्य मेकॅनिक होंडा सोडून बरोबर आला, आणि हाच बर्जेस आधी डूहानचा होता. तिकडं यामाहात मासाओ फुरुसावा यांनी क्रँकची, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याची, मांडणी बदलून दणक्यांचा क्रम विषम केला, पाच व्हॉल्व्हचं हेड चार व्हॉल्व्हचं केलं. कल्पना तीच, टायरला श्वास घ्यायला वेळ देणं. जिंकल्याचा फोटो रोसीचा, पण त्या फोटोत मला क्रँकसुद्धा दिसतो.

मग २०११ आणि २०१२. रोसी डुकाटीवर गेला आणि दोन वर्षांत एक शर्यत जिंकता आली नाही. याच कंपनीच्या गाडीवर २००७ ला स्टोनरनं दहा शर्यती आणि विजेतेपद घेतलं होतं, आणि डुकाटीला पुढचं विजेतेपद मिळायला २०२२ उजाडलं. मधली पंधरा वर्षं बाकी कुणाला ती गाडी विजेतेपदापर्यंत नेता आली नाही. स्टोनर २०११ ला होंडावरही जिंकला आणि २०१२ च्या शेवटी, सत्ताविसाव्या वर्षी, हेल्मेट ठेवून घरी गेला. शुद्ध हात कुणाचा असं विचाराल तर मी स्टोनर म्हणेन. पण मोठं व्हायला आखाड्यात टिकावंही लागतं.

राहिला मार्केझ. २०१५ ला सेपांगला रोसी आणि त्याची धडक झाली, शिक्षा म्हणून रोसीला शेवटच्या शर्यतीत सगळ्यांच्या मागून निघावं लागलं, आणि विजेतेपद पाच गुणांनी लोरेन्झोकडं गेलं. तेव्हापासून दहा वर्षं मी या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या आहेत. तरीही हिशेब हिशेब असतो.

२०१३ ला सर्वोच्च गटात पहिलंच वर्ष, वय वीस, आणि समोर लोरेन्झो, पेद्रोसा, रोसी. एकाच वेळी तीन तगड्या जोडी. चार गुणांनी जिंकला. २०१४ ला पहिल्या दहाच्या दहा शर्यती. २०१९ ला १२ विजय, आणि एकदा पडला ते सोडून दुसऱ्या क्रमांकाच्या खाली एकदाही नाही. त्या वर्षी तीच होंडा बाकीच्यांना झेपत नव्हती, हे मी रोसीवाला असूनही बघत होतो.

मग जुलै २०२० मध्ये खेरेसला उजव्या दंडाचं हाड मोडलं. त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया करून परत गाडीवर बसायला गेला. हा शुद्ध गाढवपणा, माझं मत बदलणार नाही. हाडातली पट्टी मोडली. एकूण चार शस्त्रक्रिया झाल्या. हाड वाकडं फिरून जुळलं होतं, म्हणून २०२२ ला अमेरिकेत परत तोडून सरळ केलं. मध्ये डोळ्यांना एकाचे दोन दिसायचा आजार झाला.

२०२३ ला ग्रेटर नोएडाला भारतातली शर्यत झाली तेव्हा आम्ही चौघं निजामुद्दीन एक्सप्रेसनं गेलो होतो. ऊन इतकं की शर्यतीचे फेरे कमी केले. जिंकला बेझेक्की. मी मार्केझची होंडा बघत होतो. सरळ रस्त्यावर मागं पडायची, आणि हा ब्रेकिंगला सगळं वसूल करू बघायचा. शनिवारी स्प्रिंटमध्ये, म्हणजे छोट्या शर्यतीत, तिसरा आला, रविवारी पडला. मला त्या दिवशी पहिल्यांदा त्याची कीव आली. गाडी संपली होती, हा संपला नव्हता.

करार एक वर्ष बाकी असताना त्यानं होंडा सोडली आणि ग्रेसिनी या छोट्या संघात डुकाटीची आदल्या वर्षीची गाडी घेतली. आरागॉनला जिंकला तेव्हा आधीच्या विजयाला १०४३ दिवस झाले होते. २०२५ ला डुकाटीच्या मुख्य संघात आला आणि २८ सप्टेंबरला जपानमध्ये मोटेगीला, हंगामाच्या पाच शर्यती शिल्लक असताना, विजेतेपद बांधून टाकलं. तुम्ही म्हणाल, डुकाटी तेव्हा सगळ्यात चांगली गाडी होती. होतीच. पण शेजारच्याच गाळ्यात तीच गाडी फ्रान्चेस्को बान्याइयाकडं होती, जो २०२२ आणि २०२३ चा विजेता, आणि तो पाचवा आला. तीच गाडी, तोच कारखाना, वेगळा माणूस. वस्तादांच्या प्रश्नाचं याहून सरळ उत्तर मला सापडत नाही.

(जाता जाता, या बान्याइयानं आपली पहिली ग्रां प्री कशावर जिंकली माहीत आहे? २०१६ ला आसेनला, छोट्या मोटो३ गटात, महिंद्रावर. आणि २०२४ चा विजेता होर्खे मार्टिन तेव्हा त्याचाच सहकारी होता, महिंद्रावरच. आमच्या पोरांना हे सांगितलं की आधी विश्वास बसत नाही, मग लगेच छाती फुगते.)

तर माझं उत्तर मार्केझ, त्याच्या मागं अर्ध्या चाकावर रोसी, आणि १९६७ च्या वर्षासाठी आगोस्टिनी तिसरा.

स्टिकर काढलेला नाही, काढणारही नाही. तुम्ही नवीन असाल तर अमेरिकेतल्या लागुना सेकाच्या दोन शर्यती शोधून बघा. २००८ ला कॉर्कस्क्रू नावाच्या उतारावरच्या वळणात रोसी ट्रॅकबाहेरच्या मातीतून जाऊन स्टोनरला ओलांडतो. मग २०१३ ची लावा. तेच वळण, तीच माती, आणि आत घुसणारा मार्केझ. ज्याला ओलांडतो तो रोसी.