मुलाला हिमोफिलिया आहे, सहा वर्षांचा आहे, आम्ही खेड्यात राहतो. शाळेत घालू की घरीच ठेवू?

घाला. घरी ठेवून काय होतं ते मी करून बसलोय.

माझा पोरगा आता नववीत. रक्त गोठवणारं फॅक्टर आठ त्याच्या रक्तात जवळजवळ नाहीच, म्हणजे सिव्हिअर हिमोफिलिया. आम्ही माण तालुक्यातले, दोन एकर कोरडवाहू, बाकी मजुरी. पहिलीत असताना शाळेत आतल्या आत रक्त साचून गुडघा टम्म फुगला, पडला पण नव्हता, नुसता प्रार्थनेला उभा होता. फॅक्टरचं इंजेक्शन फुकट मिळतं ते साताऱ्याला सिव्हिलला, आणि शेवटची एसटी गेलेली. मग दुकानदाराच्या फ्रिजमधल्या रुपयावाल्या पेप्सीकोला आणल्या, फडक्यात गुंडाळून गुडघ्यावर ठेवल्या, वितळल्या की दुसऱ्या, अशी रात्र काढली. पोरगं कळवळतंय आणि मधेच विचारतंय, पप्पा यातली एक खाऊ का. पहाटे मुक्कामी गाडीनं गेलो, पाय सरळ होईना म्हणून मांडीवर आडवा घेऊन. दोन दिवसांची मजुरी बुडाली ती वेगळीच.

परत आलो तर हेडमास्तर म्हणाले, उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची, तुम्ही घरीच ठेवा. मी ठेवला, दीड वर्ष. घरी काय रक्त थांबलं का? उंबऱ्याला ठेच लागून झालं, झोपेतसुद्धा झालं. बसून बसून मांड्या काड्यासारख्या झाल्या आणि गुडघा उलट जास्तच भरायला लागला. फिजिओच्या मॅडमनी मलाच झापलं, स्नायूत ताकद नसेल तर सांध्याला आधार कशाचा? २०१६ च्या दिव्यांग कायद्यात हिमोफिलिया आहे, सरकारी शाळेला नाही म्हणता येत नाही, हे मला कोणी सांगितलंच नाही. सर्टिफिकेट काढलं, गुरुजींच्या टेबलावर ठेवलं, तेव्हा घेतला. आता हेच गुरुजी पाहुण्यांना सांगतात, आम्ही सांभाळला. सांभाळला म्हणे!

शाळेत कागदावर लिहून द्या: कमरेत इंजेक्शन नको, ब्रुफेन-कॉम्बिफ्लाम नको, दुखलं तर पॅरासिटामॉल. डोक्याला मार लागला तर सूज यायची वाट बघू नका, गाडी करा, आधी फॅक्टर मग सीटी स्कॅन. हा आजार आईकडून येतो म्हणून बायकोला कोणी दोष दिला तर ऐकून घेऊ नका, तीनातल्या एका घरात आधी कोणालाच नसतो, आमच्यात पण नव्हता.

आठऐवजी फॅक्टर नऊ कमी असणाऱ्यांचा, किंवा इनहिबिटर झालेल्यांचा, म्हणजे ज्यांचं अंगच दिलेलं फॅक्टर चालू देत नाही त्यांचा, हिशोब वेगळा, ते डॉक्टरलाच विचारा. आणि कबड्डीला सोडू नका, एवढं एक गुरुजींचं बरोबर होतं.