बुडतो, बुडी मारतो की सूर मारतो?

प्रश्न असा आहे: मुलांच्या विज्ञान मासिकासाठी पेंग्विनवरचा एक लेख मराठीत आणताना एका वाक्याचं भाषांतर असं झालं, ‘सम्राट पेंग्विन बराच वेळ दम धरून खोल बुडतात, कारण त्यांचे शरीर पाण्याशी जुळवून घेते.’ वाक्य खटकतं, पण नेमकं कुठे? आणि बुडी, सूर, डुबकी यांतलं काय वापरावं?

तीन ठिकाणी खटकतं. पहिलं ‘बुडतात’. मराठीत बुडणं कर्त्याच्या हातात नसतं. नाव बुडते, ठेव बुडते, पोहता न येणारा बुडतो. जो वर आला तो ‘बुडाला’ नव्हेच, तो ‘बुडता बुडता वाचला’. तेव्हा ‘पेंग्विन खोल बुडतात’ वाचून मुलांना पेंग्विन मेले असंच वाटणार. त्याच धातूचं नाम घेऊन पुढे ‘मारणे’ लावलं की काम आपखुशीचं होतं: पेंग्विन बुडी मारतो.

मग सूर का नको? गावच्या विहिरीवर उभं राहिलं की उत्तर मिळतं. गुडघे पोटाशी घेऊन धप्पकन पडला तो मुटका. हात पुढे, डोकं खाली, अंग ताठ ठेवून काठावरून झेपावला तो सूर. तळाचा दगड आणायला गेला ती बुडी. सुरात सगळा भर पाण्यात शिरण्यावर असतो. शिरल्यावर किती वेळ खाली राहिला, याची सुराला पर्वा नाही. बुडीत भर पाण्याखालच्या वेळावर असतो, मग शिरला कसाही असो. डुबकीला दोन्ही नको, डोकं भिजलं की पुरे. ‘गोता’ही चालेल, पण मराठीत तो मारण्यापेक्षा ‘खाल्ला’ जातो, आणि मग अर्थ फसगतीकडे वळतो.

गंमत म्हणजे हा भेद पक्ष्यांच्या शरीरातही उतरलेला दिसतो. खंड्या फांदीवरून सूर मारतो. कवड्या खंड्या तर हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि तिथून थेट खाली येतो. पाण्यात शिरताना डोळ्यावर आडवी सरकणारी तिसरी पापणी ओढली जाते. मासा चोचीत आला, की पिसांत अडकलेली हवा त्याला बुचासारखं वर ढकलते. खाली थांबण्याची सोयच नाही, आणि गरजही नाही. पाण्यावर उडत मासे टिपणाऱ्या सुरय पक्ष्याचंही तेच. (सुरय आणि सूर यांचं नातं जोडायचा मोह होतो, पण नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती लावू नये.)

पाणकावळ्याचं उलट. तो आधीच पाण्यावर तरंगत असतो. चोच खाली घालून छोटीशी उसळी घेतो आणि गडप होतो. त्याला तरंगणं हीच अडचण, कारण खाली माशामागे पोहायचं तर अंगातली हवा वर ओढते. म्हणून त्याच्या पिसांची बाहेरची कड भिजते आणि हवा निघून जाते. अंगालगतचा थर मात्र कोरडा राहतो. नंतर खडकावर पंख पसरून बसतो तो वाळवण्यासाठी. त्याला तेलग्रंथी नसते म्हणून तो भिजतो, असं पुष्कळदा छापलं जातं. ते चूक आहे. ग्रंथी असते, भिजणं पिसाच्या घडणीमुळे होतं. तिरंदाज नावाचा पक्षी त्याच्याही पुढचा. तो इतका भिजतो, की अंग पाण्याखाली आणि सापासारखी मान तेवढी वर, असा पोहतो. टिबुकली पिसं अंगाशी दाबून हवा बाहेर काढते आणि एक तरंगही न उठवता खाली जाते. हिला ‘सूर मारते’ म्हणणं म्हणजे डोळे मिटून लिहिणं.

दुसरी अडचण ‘दम धरून’. दम धरणे म्हणजे धीर धरणे. ‘दम भरून’ करू गेलात, तर पेंग्विन कुणाला तरी दरडावतो आहे. ‘श्वास कोंडून’मध्ये गुदमरणं आहे. ‘श्वास रोखून’ बरोबर आहे, साधंही आहे. पण जिथे क्षमतेबद्दल बोलायचं आहे, तिथे मराठीत फार नेटका शब्द पडून आहे: दमसास. गवयाचा दमसास, पोहणाऱ्याचा दमसास, तसाच पेंग्विनचा दमसास.

हा शब्द इथे शोभतो, पण एक खुलासा जोडा. गवयाचा दमसास छातीत असतो. पेंग्विनच्या दमसासाचा मोठा भाग रक्तात आणि मांसात असतो. सम्राट पेंग्विनची ५६४ मीटर खोल गेल्याची आणि ३२ मिनिटांहून जास्त वेळ खाली राहिल्याची नोंद आहे. दर १० मीटरला पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाइतका (पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाइतका) वाढतो, म्हणजे ५०० मीटरवर वरच्या पन्नासपट होतो आणि छातीतली हवा आक्रसून पन्नासाव्या हिश्शावर येते. तिच्यावर विसंबून भागणार नाही. म्हणून त्याच्या छातीच्या स्नायूत मायोग्लोबिन हे प्राणवायू धरून ठेवणारं प्रथिन १०० ग्रॅममागे सुमारे ६.४ ग्रॅम असतं. ते मांस काळपट दिसतं ते त्यामुळेच. विश्रांतीत मिनिटाला सत्तरच्या आसपास पडणारे हृदयाचे ठोके लांब बुडीत दहाच्याही खाली येतात. रक्त मुख्यतः मेंदू-हृदयाकडे वळतं आणि स्नायू स्वतःच्या शिदोरीवर चालतात. साधारण साडेपाच मिनिटांपुढे ती शिदोरी कमी पडू लागते. मग लॅक्टिक आम्ल साचतं आणि वर आल्यावर ते निस्तरायला जास्त विश्रांती लागते. लेखात कुठे ‘श्वास सोडून बुडी मारतो’ आलं असेल, तर तेही तपासा. वेडेल सील श्वास सोडून जातो, पेंग्विन घेऊन जातो.

तिसरी जागा ‘जुळवून घेते’. नव्या सुनेने सासरी जुळवून घ्यावं तसं हे क्रियापद आहे: एका जिवाने, त्याच्या हयातीत, थोडं मन मारून. ठोके मंदावणं त्या एका बुडीपुरतं असतं. वर आलं की संपलं. पण पेंग्विनची हाडं उडणाऱ्या पक्ष्यांसारखी पोकळ नसून भरीव आहेत, ते कुठल्याही एका पेंग्विनने जुळवून घेतलेलं नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या घडत आलं आहे. पहिल्याला ‘प्रतिसाद’ म्हणा, दुसऱ्याला ‘अनुकूलन’. अनुकूलन मुलांना जड वाटत असेल, तर ‘शरीराची घडणच तशी आहे’ एवढं पुरतं.

तेव्हा वाक्य असं करता येईल: ‘सम्राट पेंग्विन खोल आणि लांब बुड्या मारतात. त्यांचा दमसास छातीपेक्षा रक्तात आणि स्नायूंत साठलेला असतो, आणि पाण्याखाली त्यांचं हृदय अगदी संथ चालतं.’ एकाची दोन वाक्यं झाली. होऊ द्या, मुळात त्यात दोन गोष्टी कोंबलेल्या होत्या.

शीर्षकात मात्र ‘पाणबुड्या पक्षी’ टाळा. पाणबुड्या म्हणजे पाण्यात उतरून काम करणारा माणूसही, आणि नौदलाच्या पाणबुडीचं अनेकवचनही. ‘बुडी मारणारे पक्षी’ लांब आहे, पण कुणाचा गोंधळ होणार नाही.