पातळ लॅपटॉप आणि नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दिवाळीत सव्वा किलोचा, पंखा नसलेला लॅपटॉप घेतला. काम भाषांतराचं, शिवाय दिवसाला दोन-तीन व्हिडिओ कॉल. थंडीत मस्त चालला. एप्रिल लागल्यापासून दुपारी दोननंतर ढेपाळतो, टाइप केलेली अक्षरं मागाहून उमटतात, चार्जिंगही मध्येच थांबतं. दुकानदार म्हणतो बिघाड नाही. कूलरच्या झोतात ठेवला तर चालेल का?
(मानेवाडा)

उत्तर : दुकानदार खरं सांगतोय. पंखा नसलेल्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरची उष्णता धातूच्या पाठीत उतरते आणि तिथून खोलीतल्या हवेत जाते. पाठ ४५ अंशांवर आणि खोली २५ अंशांवर असेल, तर उष्णता बाहेर पडायला २० अंशांचा उतार मिळतो. तुमच्या खोलीत दुपारी ४० असतील, तर हा उतार उरतो फक्त ५ अंशांचा, म्हणजे उष्णता बाहेर जाण्याचा वेग चौथाईवर येतो. मग प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करतो. ॲपल मॅकबुकसाठी वापराचं तापमान १० ते ३५ अंश देते आणि नुसता ठेवून द्यायचा असेल तरी ४५ अंशांपर्यंतच. बाकीच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपची मर्यादाही ३५च्या आसपासच असते. नागपूरच्या मे महिन्यात ही मर्यादा घरातच ओलांडली जाते. मग स्कूटरच्या डिक्कीत किंवा उन्हात उभ्या कारमध्ये लॅपटॉप अजिबात ठेवू नये, अर्धा तासही नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर कॉल सुरू असताना विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघडा. वापर ९०-१०० टक्के दिसतोय आणि ‘स्पीड’चा आकडा ‘बेस स्पीड’च्याही खाली गेलाय, तर कारण बहुधा उष्णताच. चार्जिंगचं उत्तर पहाटे मिळेल. सकाळी सहाला लावल्यावर बॅटरी शंभर टक्के भरली, तर दुपारी गरम बॅटरी स्वतःला वाचवण्यासाठी थांबत होती. सकाळीही नेमकी ८० वरच अडली, तर कंपनीच्या ॲपमध्ये बॅटरी वाचवण्याची मर्यादा चालू आहे. ती तशीच राहू द्या. उन्हाळ्यात भरलेली आणि तापलेली बॅटरी सगळ्यात लवकर म्हातारी होते.

यावर सगळ्यात मोठा उपाय वेळेचा आहे. चार्जिंगचीही स्वतःची उष्णता असते, म्हणून ते सकाळी सातच्या आत उरका आणि दुपारी बॅटरीवर काम करा. कॉलमध्ये पाठीमागचं दृश्य धूसर करणारी सोय बंद ठेवा. नुसत्या संवादापेक्षा तीच प्रोसेसरला जास्त राबवते. स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आणा. लॅपटॉप गादीवर किंवा मांडीवरच्या उशीवर ठेवू नका. टेबलावर मागच्या कडेखाली दोन सेंटिमीटर जाडीची लाकडी पट्टी सरकवा, पाठीखालून हवा खेळेल.

आता कूलर. खोली थंड करायला तो उत्तमच, कारण आपली मेमधली हवा कोरडी असते आणि ४३ अंशांची हवा वाळ्याच्या ताट्यांतून तिशीच्या आतबाहेर येते. पण थेट झोतात लॅपटॉप नको. झोताबरोबर बारीक तुषार येतात, त्यात बोअरच्या पाण्यातले क्षार असतात. पाणी वाळून जातं, क्षार मात्र पोर्टमध्ये आणि कळांखाली साचतात. झोताच्या रेषेतून बाजूला, पाच-सहा फुटांवर बसा आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. खिडकी बंद असली की दमटपणा कोंडतो आणि तासाभरात कूलर निकामी होतो. ओलं फडकं, बर्फाची पिशवी, फ्रिज यांच्या वाटेला जाऊ नका. गार झालेल्या मशिनवर आतूनही दव धरतं.

ज्यांच्या लॅपटॉपला पंखा आहे त्यांनी होळीच्या आधी तो साफ करून घ्यावा. लू सुरू झाली की बारीक धूळ पंख्याच्या जाळीत नमद्यासारखी बसते. हवा मारताना पाती काडीने अडवून धरायला सांगा. मोकळी सोडली तर ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं.

प्रश्न : चार्जर लावला की लॅपटॉपच्या ॲल्युमिनियमच्या कडेवरून हात फिरवताना बारीक झिणझिण्या येतात. टचपॅडवरचा बाणही उड्या मारतो. घर जुना वाडा आहे. धोका आहे का?
(महाल)

उत्तर : आधी चार्जर काढून बघा. झिणझिण्या थांबल्या, तर लॅपटॉप निर्दोष आहे. चार्जरमध्ये विजेची बाजू आणि लॅपटॉपची बाजू जोडणारा एक छोटा कपॅसिटर असतो. तो विद्युत गोंगाट दाबतो, पण अत्यंत बारीक करंट पलीकडे जाऊ देतो. त्याला जमिनीत उतरायची वाट मिळाली नाही की तो धातूच्या अंगावर येऊन थांबतो आणि तुमचा हात त्याची वाट होतो. टचपॅडही त्यामुळेच गोंधळतो.

चार्जर दोन पिनांचा असेल, तर हे थोडं राहणारच. टेस्टरचा दिवा मंद लागला तरी घाबरू नका. त्याच कंपनीचा तीन पिनांचा चार्जर किंवा वायर मिळत असेल, तर ती घ्या. तीन पिना असूनही झिणझिण्या येत असतील, तर घराचं अर्थिंग कमजोर आहे. कोळसा-मिठाचा जुना खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि कोरडी माती वीज नीट सोडत नाही. खड्ड्याच्या नळीत संध्याकाळी दोन बादल्या पाणी घाला. मग वायरमनकडून मल्टिमीटरने सॉकेट तपासून घ्या. फेज आणि अर्थ यांच्यात २३०च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टच दिसले पाहिजेत. जुन्या वाड्यांत बऱ्याचदा सॉकेटला तिसरं भोक असतं, पण मागे तारच नसते. तिसरी पिन कापणं किंवा दोन पिनांचा जोड लावणं हा उपाय नव्हे.

झिणझिणी नसून हात झटकला जावा असा धक्का बसत असेल, तर तो चार्जर त्याच क्षणी बाजूला काढा. स्वस्तातल्या नकली चार्जरमध्ये हा कपॅसिटर साधा वापरलेला असू शकतो, आणि तो फुटला तर सगळी वीज अंगावर येते.

प्रश्न : कीबोर्डवर सिलिकॉनचं कव्हर घालावं का?
(जरीपटका)

उत्तर : नको. बरेच पातळ लॅपटॉप कीबोर्डमधूनही उष्णता सोडतात, आणि झाकण मिटल्यावर कव्हरची जाडी थेट काचेवर दाब देते. त्याऐवजी आठवड्यातून एकदा मऊ ब्रश फिरवा.

प्रश्न : हायकोर्ट आणि जिल्हा न्यायालय, दोन्हीकडे वकिली. ई-फायलिंग, डिजिटल सहीचं टोकन, तीनशे-तीनशे पानांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ. खांदा दुखतो म्हणून हलका लॅपटॉप घ्यायचाय. ८ जीबी पुरेल? वापरलेला घेतला तर?
(सिव्हिल लाइन्स)

उत्तर : ८ नको, १६ जीबीच घ्या. हलक्या लॅपटॉपमध्ये रॅम बहुधा बोर्डवर सोल्डर केलेली असते, पुढे वाढवता येत नाही. एसएसडी बहुतेक वेळा बदलता येते, म्हणून पैसे कमी पडत असतील तर स्टोरेजवर वाचवा, रॅमवर नाही.

दुसरी गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप बॅटरीला फार चांगले आहेत. त्यांच्यावर जुनी सॉफ्टवेअर रूपांतर होऊन चालतात, पण ड्रायव्हर, म्हणजे जोडलेलं उपकरण चालवणारी छोटी सॉफ्टवेअर, तसे चालत नाहीत; ते त्या प्रोसेसरसाठीच लिहिलेले लागतात. तुमच्या टोकनचा किंवा चेंबरमधल्या जुन्या प्रिंटरचा तसा ड्रायव्हर नसेल, तर सगळं अडेल. पैसे देण्याआधी स्वतःचं टोकन नेऊन त्याच मॉडेलवर सही करून बघा. नाही जमलं, तर इंटेल किंवा एएमडी घ्या.

टोकन जुन्या चौकोनी यूएसबीचं असतं, त्यामुळे तसं एक तरी पोर्ट असलेलं मॉडेल शोधा. ते टोकन पातळ पोर्टमध्ये बोटभर बाहेर लोंबतं आणि फाईल सरकवताना त्याला धक्का लागतो, की पोर्ट हललंच. वीतभर लांबीची एक्स्टेंशन वायर लावली की दाब वायरवर जातो. स्क्रीन १९२० बाय १२०० घेतलीत, तर १०८० उंचीच्या स्क्रीनपेक्षा १२० ओळी ठिपके जास्त मिळतात. कागदपत्र वाचताना ते जाणवतं. आणि वजन विचारताना चार्जरसकट विचारा.

वापरलेला घ्यायला हरकत नाही. कंपन्यांनी काढलेले चांगल्या बांधणीचे लॅपटॉप सीताबर्डीत मिळतात. फक्त इंटेल आठव्या पिढीच्या आधीचा नको, कारण एखाददुसरा अपवाद सोडला तर तो विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाही आणि विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. दुकानातच विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढायला लावा. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे येतात. दुसरा पहिल्याच्या ८० टक्क्यांखाली असेल, तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून मागा.

प्रश्न : २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेवर लॅपटॉप किती चालेल? विमानात नेता येईल?
(हिंगणा रोड)

उत्तर : २०,००० एमएएच म्हणजे २० ॲम्पिअर-अवर. त्याला आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टने गुणा, ७४ वॉट-अवर. रूपांतरात चौथाई ते तिसरा हिस्सा जातो, म्हणजे हाती पन्नासेक. हलक्या लॅपटॉपची बॅटरी साधारण तेवढीच असते, तेव्हा जेमतेम एकदा भरेल. टाइप-सी पोर्टवर २० व्होल्ट आणि किमान ४५ वॉट लिहिलेलं हवं. मोबाइलच्या साध्या पॉवर बँकेवर लॅपटॉप चार्जिंग धरणार नाही. विमानात १०० वॉट-अवरपर्यंत चालते, पण हातातल्या बॅगेत. चेक-इन सामानात टाकू नका.

प्रश्न : तीन वर्षं जुना लॅपटॉप टेबलावर ठेवला की डुगडुगतो. टचपॅड दाबलं जात नाही. रबरी पाय झिजले असतील का?
(प्रतापनगर)

उत्तर : पाय नव्हेत, बॅटरी फुगली आहे. पातळ लॅपटॉपमध्ये ती टचपॅडच्या अगदी खाली असते; वायू धरला की वर टचपॅड उचलते आणि खाली पत्रा बाहेर काढते. आजपासून चार्जिंग बंद. बॅटरी उरली असेल तर महत्त्वाच्या फाईली लगेच दुसरीकडे घ्या आणि लॅपटॉप बंद करा. फुगवटा दाबून बसवू नका, टोचू नका, उन्हात ठेवू नका. गादी, पडदे, कागदांपासून दूर, फरशीवर ठेवा आणि दुरुस्तीला नेईपर्यंत तिथेच राहू द्या. नवी बॅटरी घेताना त्यावरचा पार्ट नंबर जुन्याशी अक्षरन् अक्षर जुळवून घ्या. काढलेली जुनी बॅटरी घरी आणू नका आणि कचऱ्याच्या गाडीतही टाकू नका. दाबाखाली ती पेट घेते. ई-कचरा घेणाऱ्याकडेच ती गेली पाहिजे.